डंपिंगशेजारची भाऊबीज

नव्वदच्या दशकात माझी नोकरी अशी होती की लोकांना मी नुसतं 'साइटवर असतो' सांगायचो. कल्याणच्या खाडीकडचं एक डंपिंग भरलं, म्हणून वर माती टाकून बंद केलेलं. आतला कचरा कुजतो, त्याचा गॅस होतो आणि तो जमिनीखालून वाट फुटेल तिकडे सरकतो. तो कुठवर पोचला हे कळायला कुंपणालगत भोकं पाडलेले पाइप पुरले होते. त्यांच्या तोंडाशी मीटर धरत फिरणं हे माझं काम. आणि नेमकं त्याच कुंपणापलीकडच्या इमारतीत, तळमजल्यावर, माझ्या ताईचं घर. "माजिवड्याहून इथवर येतोस, पण बहिणीकडे चहाला यायला तुला जमत नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य.

त्या भाऊबिजेला मात्र मी सकाळीच तिच्या दारात हजर. ताईचा चेहरा फुलला. मग तिला माझ्या हातातलं मीटर दिसलं. तिच्या बाजूच्या पाइपचं रीडिंग चढलं होतं. हॉलमध्ये फरशीच्या फटीशी मीटर धरलं तर ते केकाटायलाच लागलं. स्वयंपाकघरातही तेच. मी खिडक्या सताड उघडल्या, सगळ्यांना बाहेर काढलं आणि बजावलं, काडी पेटवायची नाही, बटणालाही हात लावायचा नाही.

"मला तर कसलाच वास येत नाही," ताईच्या सासूबाई म्हणाल्या.

"मातीतून येताना वास उरत नाही, मावशी."

"वास नाही, दिसत नाही, मग आहे हे कशावरून?" त्यांनी अगरबत्तीचा पुडा कमरेला खोचला.

ताईचं दुःख वेगळंच. "निरांजन लावायचं नाही, तर तुला ओवाळू कशी? भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. मला भाऊ आहे, आणि तोच दिवा लावू देत नाही!" ती रडायच्या बेतात होती. आईवडील गेल्यावर तिला माहेर म्हणून मीच उरलो होतो, आणि दोन वर्षं भाऊबिजेला फिरकलो नव्हतो.

शेवटी रस्त्यापलीकडे, रिक्षा स्टँडजवळ, मीटर गप्प बसलं. भावोजींनी पाट आणला, रांगोळी पडली आणि मी भर रस्त्यात टोपी घालून बसलो. खाडीच्या वाऱ्यानं निरांजन सारखं विझायला लागलं, तेव्हा सासूबाईच छत्री आडवी धरून उभ्या राहिल्या. तोवर वरच्या मजल्यांवर बातमी पोचली होती. बायका तबकं आणि आपापले भाऊ घेऊन खाली उतरल्या. "ताई, आमचा पण नंबर लावा ना!" एक रिक्षावाला म्हणाला. ताईनं त्यालाही ओवाळलं.

ताईचं बिऱ्हाड काही दिवस दिराकडे ठाकुर्लीला गेलं. कुंपणालगत चर खणून त्यात खडी भरली, उंच पाइप उभे केले, आणि गॅस वरच्या वर हवेत जाऊ लागला. ताई घरी परतल्यावर मी दर शुक्रवारी मीटर घेऊन तिच्याकडे जायचो. ते कधी चुकूनही वाजलं नाही.

पुढची भाऊबीज घरातच झाली. मला ओवाळून झाल्यावर ताईनं मीटरलाही कुंकू लावलं. मी हसलो. ती हसली नाही.

"याच्यामुळे दर आठवड्याला आलास," ती म्हणाली. "आता गॅस नाही. म्हणजे येणं बंद ना?"

मला ते फार लागलं.

"बंद कसं? शुक्रवारचं रीडिंग घ्यायला नको?" मी म्हणालो. ते रीडिंग माझ्याकडे कुणीही मागितलं नव्हतं.

शुक्रवारी गेलो, तेव्हा मीटर ऑफिसातच राहिलं होतं. ताईनं माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं.