भावाचं लुगडं

माझ्या बायकोचा धाकटा भाऊ वीज खात्याचा मोठा साहेब झाला, पुढं दिल्लीत अणुऊर्जेचाही. तो शिकला सुरतेत, आमच्या उधन्याच्या खोलीत. मी लूमवर रातपाळी करून सकाळी यायचो, तर हा पुस्तकं पसरून बसलेला. त्याला खुडबूड चालायची नाही म्हणून मी जिन्याखाली चादर टाकून झोपायचो. मी चौथी शिकलेला. वाटायचं, आपली झोप चांगल्या कामी लागतेय.

तो आधी कलेक्टर झाला, मग त्याच्याकडं विजेचं खातं आलं. गल्लीत लाईट गेली की शेजारी टोमणा मारायचे, "मेहुण्याला सांगा की, बटन दाब म्हणावं." बायकोला राग यायचा नाही. म्हणायची, एवढ्या देशाची लाईट सांभाळतो, एखादी गल्ली राहून जाते.

भाऊबीजेला सुरुवातीला तो यायचा. मग साडीचं पार्सल यायचं. अणूच्या खात्यात गेला आणि तेही बंद झालं. त्या दिवाळीला ती दाराशी बसून राहिली. मला बघवेना. पर्वत पाटियाच्या बाजारात गेलो, साडी घेतली, खाकी कागदात बांधली आणि पार्सल आलं म्हणून सांगितलं. पुढं दरवर्षी तेच केलं. ती त्या साड्या नेसायची नाही, भावाच्या म्हणून पेटीत ठेवायची. मी आणलेल्या साडीवर ती खूश व्हायची, पण भावाच्या नावानं. हे अजून खुपतं.

आमच्यात सवाष्ण गेली की शेवटचं लुगडं माहेराहून येतं. ते अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. दवाखान्यातून शेवटची घरी आणली तेव्हा म्हणाली, "मना भाऊ लुगडं लई येई. तोपावत माले उचलू नका." भाऊ लुगडं घेऊन येईल, तोवर मला उचलू नका.

ती सकाळी गेली. मी साहेबाच्या ऑफिसात फोन केला. तिथल्या माणसानं विचारलं, विषय काय? म्हटलं, त्याची बहीण मेली, हा विषय. तो म्हणाला, साहेब सुरतेजवळच आहेत, एका केंद्राच्या पाहणीला, निरोप देतो. मला वाटलं, देवानंच आणला.

दुपार कलली तेव्हा सरकारी गाडी आली. ड्रायव्हर एकटाच उतरला. हातात फुलांचं चक्र, त्यावर साहेबाच्या हुद्द्याची छापील चिठ्ठी. माझ्या भावजयीनं विचारलं, लुगडं कुठंय? तो खाली बघत मला म्हणाला, "काका, आटलुंज आप्युं छे." एवढंच दिलंय.

मी आत गेलो. पेटीतली वरची साडी काढली आणि बाहेर येऊन म्हटलं, भावानं आधीच पाठवून ठेवलं होतं. बायांनी ती तिच्या अंगावर घातली. सगळे म्हणाले, साहेब झाला, तरी रीत विसरला नाही.

आता तो रिटायर झालाय. गावानं सत्कार ठेवलाय. मला निरोप आलाय, दाजी म्हणून दोन शब्द बोला, बहिणीच्या लुगड्याची गोष्ट सांगा.

ती गोष्ट ही अशी आहे. मी येणार नाही. हा कागद त्याच्यासमोर वाचा.