लमारच्या शेडमधली बुइक

लमार जॉर्गन्सनला कुणी 'सर' म्हटलं की तो मागे वळून बघायचा, दुसरं कुणी आलंय का म्हणून. सव्वीस वर्षं टर्की पक्ष्यांचं मांस भरणाऱ्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त केलेला माणूस. आमच्या शाळेचा बॉयलर बिघडला तेव्हा एका दिवसासाठी आला आणि चौदा वर्षं राहिला. मी नेल्डा, तिथली स्वयंपाकीण. त्याला रोज मध-लोणी लावलेली गरम पुरी दोन जास्त वाढायचे, पण 'छान झालीये' असं एकदाही त्याच्या तोंडून निघालं नाही. एवढा घुमा माणूस आमच्या अख्ख्या खोऱ्यात दुसरा नसेल.

गावातले लोक आमच्या शाळेला 'वाया गेलेल्या पोरांची शाळा' म्हणायचे. त्या शब्दाचा मला तेव्हाही संताप यायचा, आजही येतो. पोरं घाबरलेली असायची, चिडलेली असायची, आणि आईबापांनी तर हात टेकलेले असायचे. वर्ष-दीड वर्ष पोरं इथेच राहायची. सकाळी घोड्यांचा तबेला साफ करायची, मग वर्ग, दुपारी मानसोपचाराच्या डॉक्टर हार्मनसमोर गोल करून बसायची आणि मनात काय आहे ते बोलायची. दर रविवारी घरी फोन, तोही डॉक्टरांच्या समोर. आईबापांनाही बोलायला शिकावं लागायचं, आणि खरं सांगते, त्यांना जास्त वेळ लागायचा.

लमारच्या शेडमध्ये मात्र बोलण्याचं कामच नव्हतं. तो वेल्डिंग शिकवायचा. पोरानं जोडलेला तुकडा घ्यायचा, शिकंज्यात धरायचा आणि हातोडा घालायचा. तुटला की एकच शब्द. "पुन्हा." तू काय करून इथे आलास, हे त्यानं कधीच कुणाला विचारलं नाही.

शेडमध्ये दर उन्हाळ्यात एक भंगार गाडी तयार व्हायची, काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, जत्रेतल्या टकरीसाठी. चिखलाच्या रिंगणात दहा-बारा गाड्या सोडतात, त्या एकमेकींना धडका देतात, आणि शेवटपर्यंत जी चालती राहील ती जिंकली. गाडीच्या काचा काढायच्या, दारं वेल्ड करून बंद करायची, आणि चालवणाऱ्याभोवती जाड नळ्यांचा पिंजरा जोडायचा. पोरं वयानं लहान, म्हणून गाडी लमार चालवायचा. शेवटी पिंजरा धड तर माणूस धड.

त्या वर्षी एक जुनी लांबलचक बुइक गाडी होती, आणि पिंजऱ्याचं काम लमारनं कोल्बीला दिलं. मी ऐकलं आणि लाटणं हातात तसंच घेऊन शेडमध्ये गेले.

कोल्बी बॉइसी शहरातला, सोळा वर्षांचा. घरी एकदा भांडण झालं, यानं रागाच्या भरात आईच्या गाडीची किल्ली घेतली आणि गाडी गॅरेजच्या दारावर एकदा नाही, तीनदा घातली. दाराच्या आत आई उभी होती. तिला लागलं नाही, पण लागलं नाही असं तरी कसं म्हणायचं?

"लमार, डोकं ठिकाणावर आहे का? त्याच्याच हातात आपटायची गाडी देतोस?"

"मग कुणाच्या देऊ?" लमार म्हणाला. "ज्यानं कधी आपटली नाही, त्याला काय कळणार?"

कोल्बीचा जोड अकरा वेळा तुटला. अकराव्या 'पुन्हा'ला पोरानं हातमोजे भिरकावले आणि तरातरा फाटकापर्यंत गेला. लमार मागे धावला नाही, सँडविच खात बसला. अर्ध्या तासानं कोल्बी परत आला तेव्हा त्यानं उरलेलं अर्धं त्याच्यापुढे धरलं. दोघांनी मिळून ते संपवलं. बाराव्या जोडावर हातोडा उडून लमारच्याच नडगीवर आला, पण जोड हलला नाही. पोरं नाचायला लागली. कोल्बी मात्र त्या जोडावरून नुसता बोट फिरवत उभा होता.

जत्रेच्या आठवड्यात पालक यायचे. कोल्बीची आई रॉन्डा आली, अठरा वर्षं शाळेची बस चालवणारी, आखूड केसांची, दणकट बाई. सोमवारी डॉक्टरांच्या खोलीत ठरायचं होतं, कोल्बी घरी जाणार की नाही. माझ्याबरोबर बटाटे सोलता सोलता ती म्हणाली, "नेल्डा, जीव आहे गं माझा त्याच्यावर. पण तो घरात असला की मला डोळा लागत नाही. रविवारी फोनवर मी त्याला हे सांगितलंय." मी बटाटे सोलत राहिले.

आणि मग लमार घराच्या छपरावरून पडला. मनगट प्लास्टरमध्ये! जत्रेला चार दिवस असताना! नवा चालक शोधायला आम्ही काय कमी धावपळ केली? घोडेवाल्याची बायको नको म्हणाली, गणिताचे मास्तर तर हसलेच. शनिवारी दुपारी बुइक मैदानाबाहेर ट्रेलरवर उभी होती, शाळेचा नंबर पुकारला जात होता, आणि पोरांची तोंडं एवढीशी झाली होती.

"मी बसते," रॉन्डा म्हणाली.

कोल्बी पांढराफटक पडला. "नाही! आई, तू नाही."

"का? बसचा परवाना आहे माझ्याकडे. उलटी गाडी तर मी रोज घेते."

"तसं नाही गं... लोक मुद्दाम धडका देतात. सगळे मिळून."

"पिंजरा तू केलायस ना? पक्का आहे का?"

कोल्बीनं लमारकडे बघितलं. डॉक्टर हार्मन काहीतरी म्हणायला पुढे आले, पण लमारनं प्लास्टरचा हात मध्ये घातला. "त्याला विचारलंय तिनं," तो म्हणाला. "त्यालाच सांगू दे."

कोल्बीनं खिडकीतून हात घालून पिंजऱ्याची एकेक नळी हलवून पाहिली.

"पक्का आहे," कोल्बी म्हणाला. त्यानं स्वतः तिचा पट्टा आवळला, दोनदा ओढून पाहिला, हेल्मेटची कडी लावली. चालकाच्या बाजूला एक काठी बांधलेली असते. हार मानायची असेल तर ती मोडायची, मग त्या गाडीला कुणी धडक देत नाही. "भीती वाटली की लगेच मोड," त्यानं बजावलं. "शूरपणा करू नकोस."

काय सांगू तुम्हाला! बाईनं कमालच केली. इंजिन वाचावं म्हणून समोरून एकदाही गेली नाही. मान मागे वळवून नुसती उलटी, उलटी, धाडकन! एका पिकअपचं चाकच निखळलं. आम्ही बाकांवर उभं राहून घसा फाटेपर्यंत ओरडत होतो. माझी लिंबूसरबताची बाटली पुढच्या बाकावर बसलेल्या चर्चच्या बिशपच्या टकलावर रिकामी झाली आणि तोही ओरडतच राहिला. बारातल्या सहा उरल्या, मग चार, मग तीन.

मग बुइक चिखलात रुतली. इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. समोरच्या निळ्या गाडीनं तिला नेम धरून एक धडक दिली. मागे गेली, पुन्हा दुसरी. रॉन्डाचं डोकं गदगदा हललं. काठी जागच्या जागी होती. निळी गाडी तिसऱ्यांदा मागे सरकली.

"काठी मोड!" कोल्बी किंचाळला. "आई, मोड ना! थांबवा त्याला, आत माणूस आहे! माझी आई आहे आत!"

तिसरी धडक बसली तेव्हा पोरानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. मला तेव्हा कळलं की त्याच्या डोळ्यांपुढे निळी गाडी नव्हतीच. तोंडातल्या तोंडात तो एकच बोलत होता, "तीनदा. मी तीनदा केलं."

बुइक बाद झाल्याचं निशाण पडलं आणि बाकीच्या गाड्या थांबल्या. आमचा तिसरा नंबर! कोल्बी कठड्यावरून उडी टाकून चिखलात पळाला, मागोमाग लमार, मागोमाग मी, या वयात, नवे बूट घालून. दारं बंदच, म्हणून त्यानं आईला काखेत धरून खिडकीतून बाहेर ओढलं. हेल्मेट काढलं. अंगभर चिखल, आणि बाई हसत होती.

"काठी का नाही मोडलीस?" तो ओरडला. "मला वाटलं तू..." पुढे त्याला बोलवेना.

"अरे, दारं तेवढी आत दबलीयेत. पिंजरा बघ ना, एक नळी वाकली नाहीये." ती त्याचा हात धरून श्वास घेत राहिली. मग म्हणाली, "कोल्बी, तुला एक सांगायचंय. तू इकडे यायच्या आधी मी माझ्या झोपायच्या खोलीला आतून कडी बसवून घेतली होती. जाडजूड, लोखंडी. घरी आलास की पहिलं काम, ती काढायची. तूच काढायची."

कोल्बी तिच्याकडे बघत राहिला. नाक बाहीला पुसलं.

"वेल्ड केलीये की स्क्रूनं बसवलीये?"

"स्क्रूनं."

"मग दोन मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला, आणि तिच्या चिखलभरल्या खांद्यात तोंड खुपसून लहान पोरासारखा रडायला लागला.