एका ई-मेलवरची एकशे सत्तेचाळीस माणसं

१० जून २००७, रविवार. शिल्लक तेरा हजार दोनशे रुपये. हजर तिघे: राजारामपुरीतल्या सायबर कॅफेचा मालक, शिरोलीच्या एका फाउंड्रीतून निवृत्त झालेले मोल्डिंगचे मेस्त्री, आणि जमाखर्च ठेवणारा मी. विषय एकच. आमचा इंटरनेटवरचा फोरम जुन्या सॉफ्टवेअरवर ठेवायचा की नव्यावर न्यायचा.

फोरम ओतकाम करणाऱ्यांचा होता. कास्टिंगला भोकं का पडतात, वाळूत ओल किती हवी, असले प्रश्न लोक इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत विचारायचे आणि बहुतेकांना उत्तर मेस्त्री द्यायचे. त्यांना टायपिंग येत नव्हतं. ते शेजारी बसून सांगायचे, कॅफेवाला टाइप करायचा. सहा वर्षांत त्यांची सहाशे अकरा उत्तरं झाली होती. मी मोजली होती. त्यांवरचं नाव वाचून छोटे कारखानदार त्यांना बोलवू लागले. एका फेरीचे पाचशे. पेन्शन नव्हती, घर बरंचसं त्यावरच चालायचं.

मला फोरम हलवायचा होता. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीही शिरून जाहिराती टाकायचं. कामावरून आलो की चहाच्या आधी मी चाळीस-पन्नास जाहिराती खोडायचो. दोन वर्षं हेच चाललं होतं. पुण्याच्या प्रोग्रामरनं बारा हजार सांगितले होते आणि तेवढे आमच्याकडे होते. अडचण वेगळीच निघाली.

नवं सॉफ्टवेअर माणूस ओळखायचं ते ई-मेलवरून. एका ई-मेलला एकच सभासद. आमचे सभासद एकशे नव्वद, आणि त्यांतले, कॅफेवाला सोडून, एकशे सत्तेचाळीस त्याच्या एकाच ई-मेलवर. सुरुवातीला कुणाकडेच ई-मेल नव्हता, म्हणून त्यानं प्रत्येकाच्या फॉर्मवर स्वतःचा घातला होता. त्यात आम्हाला काही वावगं वाटलं नव्हतं. घरी फोन नसला की आम्ही सगळेच कोपऱ्यावरच्या दुकानाचा नंबर पुढे ‘पी.पी.’ लिहून देत आलो होतो.

“मग आमच्या नावाचं काय हुतंय?” मेस्त्रींनी विचारलं.

“उत्तरं राहतील. वर नावाच्या जागी ‘पाहुणा’ असं येईल,” मी म्हणालो.

“सा वर्सं हितं बसून सांगतोय आणि मी पावणा? आणि ह्यो?” त्यांनी कॅफेवाल्याकडं बोट केलं.

“माझं नाव ऱ्हातंय की. मेल माझा हाय.”

“व्हय तर. लिवणारा ऱ्हाणार, सांगणारा जाणार. मग न्हाय हलवायचं. हाय ते चालतंय की.”

“जाहिराती कोण खोडणार मेस्त्री?”

“तुमी खोडताय की सायेब.”

मला राग आला. पण त्यांचं पोट त्या नावावर होतं आणि माझा फक्त चहा गार होत होता. मात्र सामाईक पैशांतून एकट्या मेस्त्रींची सोय करायची, हेही मला पटेना. शेवटी ठरलं ते असं. जुलैअखेरपर्यंत सगळ्यांना फोन करायचे, येईल त्याला कॅफेत ई-मेल उघडून द्यायचा. मेस्त्रींचं नाव राहत असेल तरच फोरम हलवायचा. उरणाऱ्या बाराशे रुपयांत, तासाला पंधरा या दरानं, कॅफेचे ऐंशी तास मिळत होते.

फोन मी केले. कुणाचा नंबर बदललेला, कुणी नोकरी सोडून गावी गेलेला, कुणी “कुठला फोरम?” म्हणणारा. तीच चार वाक्यं मी इतक्या वेळा बोललो की घरात बायकोला ती पाठ झाली. जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत अडुसष्ट जण झाले. मेस्त्री मात्र आले नव्हते. दर रविवारी “येतो की” म्हणायचे. एकदा जोतिबाला जायचं होतं, एकदा नातीला ताप होता. फॉर्म भरायला माणूस घाबरतो हे मला उशिरा कळलं.

शेवटच्या रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. कॅफेवाला एकेक रकाना वाचून भरू लागला.

“गुप्त प्रश्न हाय. पयल्या शाळेचं नाव इचारतंय.”

“शाळेत गेलो असतो तर तुझ्याफुडं बसलो असतो व्हय? फाउंड्रीचं घाल.”

“घातलं. आता पासवर्ड. ह्यो तुमीच टाकायचा मेस्त्री, मला दिसता कामा न्हाय.”

सहाशे अकरा उत्तरं ज्यानं टाइप केली, तो खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून बसला. मेस्त्री एका बोटानं अक्षरं शोधत होते. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा तास होत आला होता.

ऑगस्टात फोरम हलला. मेस्त्रींची सगळी उत्तरं त्यांच्या नावावर राहिली. अठ्ठ्याहत्तर माणसं ‘पाहुणा’ झाली. त्यांतल्या एकाचाही फोन आला नाही. जाहिराती थांबल्या. कामावरून आल्यावर चहा गरम मिळू लागला, तरी मी काही दिवस आधी कॉम्प्युटरच लावत होतो.

कॅफेचे तास अठ्ठावन्न भरले, म्हणून मी आठशे सत्तर दिले. मालकानं पंधरा परत केले.

“मेस्त्रींचा तास धरायचा न्हाय.”

मी पावती बदलून घेतली. प्रोग्रामरला बारा हजार, कॅफेवाल्याला आठशे पंचावन्न.