दोघांनी वाचलेली तार

सुप्याच्या फाट्यावर नगरच्या मोटरीची वाट पाहत आम्ही तिघं उभे होतो, आबा, वहिनी आणि मी. माझ्या पत्र्याच्या ट्रंकेवर आबांनी एक पाय ठेवला होता, कारण फाट्यावरच्या माणसांचा त्यांना भरवसा नव्हता. साल एकोणीसशे चाळीस, महिना जूनचा. मी अकरा वर्षांची, मराठी चौथी पास, आणि नगरला मुलींच्या बोर्डिंगात राहून इंग्रजी शिकायला निघालेली. गाव आम्हाला हसत होतं. कुणी म्हणत होतं पोरगी बाटणार, कुणी म्हणत होतं हिला मडम करून विलायतेला धाडणार.

वहिनीला या दोन्ही गोष्टी खऱ्या वाटत होत्या. माझ्या वेणीवरून हात फिरवत ती म्हणाली, "कमळे, कुनी कायबी खायला दिलं तर आदी इचार, कशाचं हाय. आन् गळ्यातला ताईत काढ म्हनलं तरी काढू नको." माझी आई मी तीन वर्षांची असताना गेली. मला न्हाऊमाखू घातलं ते या वहिनीनं, जी स्वतःच आमच्या घरी आली तेव्हा पोर होती. मोटर आली तसे आबा खाली वाकले आणि कानाशी म्हणाले, "एकानं सांगितलेलं खरं मानू नको. दुसऱ्याला इचार. दोगांचं जुळलं तरच खरं."

आबांची ही रीत बैलबाजारातली. बैल घ्यायचा तर दोन जाणत्या माणसांनी वेगवेगळे त्याचे दात पाहायचे आणि वय आबांच्या कानात सांगायचं, एकमेकांशी बोलायचं नाही. दोघांचं जुळलं तर सौदा, नाहीतर चला घरी. पूर्वी एकदा कुणा शहाण्याने वाचून दाखवलेल्या कागदावर त्यांनी आंगठा उठवला आणि बांधालगतची जमिनीची पट्टी हातची गेली. तेव्हापासून वाचणारा माणूस आणि बैलाचा दलाल त्यांना सारखेच. त्यात माझा थोरला भाऊ, दादा, पलटणीत भरती झाला. लढाई सुरू झालेली, आता घरी सरकारी कागद येणार आणि ते इंग्रजीत असणार. वाचणारं माणूस घरचंच पाहिजे. दादा गेलेला, उरले कोण? मी. मुलीला शिकवण्यामागे आबांचं काही थोर धोरण होतं असं आज लोक म्हणतात. काही नव्हतं, निव्वळ संशय होता.

आणि घरचं माणूस झालं म्हणून काय झालं? दुसरा वाचणारा त्यांनी आधीच हेरून ठेवला होता. आमच्या गल्लीतल्या तांबोळ्यांचा याकूब. तो नगरलाच मुलांच्या शाळेत इंग्रजी आणि फारसी शिकत होता. सुट्टीत आम्ही दोघं गावी आलो की दादाच्या पलटणीचा एखादा कागद आधी मी माजघरात वाचायचा, मग आबा तो खिशात घालून तांबोळ्यांच्या ओसरीवर जायचे. आम्ही दोघांनी त्याआधी एकमेकांशी बोलायचं नाही, असा दंडकच होता. एकदा विहिरीवर आम्ही बोलताना दिसलो तर आबांनी कागदच वाचू दिला नाही. पुढच्या सुट्टीपर्यंत तो तसाच कोनाड्यात पडून होता.

बोर्डिंगात माझ्याबरोबर असलेल्या मुलींनो, तुम्ही आता संसारात कुठे कुठे पांगल्या आहात, तुम्हाला मी कशी आठवत असेन ते मला चांगलं माहीत आहे. बाईंनी काहीही शिकवलं की दुसऱ्या बाईंकडे जाऊन खात्री करून घेणारी ती आगाऊ मुलगी. पण मी तरी काय करणार होते? आमच्या वाचनाच्या पुस्तकात कुत्रं घरात, माणसाच्या अंथरुणाशी झोपत होतं. मूल आईला पाणी मागतानासुद्धा कृपा करून म्हणत होतं आणि मिळालं की आभार मानत होतं. पोटच्या पोराने आईचे आभार मानायचे? मला वाटलं बाई मनानेच काहीतरी ठोकून देतायत. मी वरच्या वर्गाच्या बाईंना जाऊन विचारलं. त्या हसल्या आणि आमच्या बाईंना सांगून मोकळ्या झाल्या. मग आख्खा तास बाकावर उभी. "तुझा माझ्यावर विश्वास नाही का गं?" बाईंनी विचारलं. मी खाली मान घालून खरं ते सांगितलं, "नाही." अजून एक तास.

संशयाची वाण तिथेही नव्हती. आम्ही घरी धाडलेलं प्रत्येक कार्ड आधी मोठ्या बाई वाचत. त्यामुळे चार वर्षं मी घरी एकच मजकूर लिहिला, मी खुशाल आहे, अभ्यास चांगला चालला आहे. घरी ते कार्ड पाटलांच्या कारकुनाकडून वाचून घेत आणि वहिनी म्हणे, "सारकं सारकं येकच कसं? नक्की कायतरी लपिवतीय." आणि मी खरंच लपवत होते. पहिले सहा महिने मी रोज रडायचे. स्पेलिंगं घोकता घोकता रडायचे, म्हणून मला अजूनही काही शब्द खारट लागतात.

तिसऱ्या वर्षी पत्रलेखन आलं. बाईंनी सांगितलं, वाईट बातमी कळवायची तर इंग्रजीत आधी दिलगिरी दाखवायची आणि मग बातमी द्यायची. मला ही रीत फार आवडली होती.

चव्वेचाळीसच्या मे महिन्यात याकूब आणि मी दोघंही गावी असताना तार आली. दादा दिवाळीला रजेवर येऊन गेला होता, वहिनीला सातवा महिना होता. आबांनी मला माजघरात नेलं, दार लोटलं आणि घडी हातात दिली. पहिले दोनच शब्द दिलगिरीचे होते. पुढचं वाचायची खरं तर गरज नव्हती, तरी वाचलं. दारापलीकडे वहिनीच्या बांगड्या वाजत होत्या.

मी म्हणाले, "हाताला लागलंय. दवाखान्यात हाय. बरा हुईल."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, तार घडी करून खिशात घातली आणि तांबोळ्यांकडे गेले. वहिनीनं मला धरलं, "काय हाय गं?" तिलाही मी तेच सांगितलं. ती देवासमोर दिवा लावायला गेली आणि मी चुलीपुढे बसून राहिले. याकूब खरं सांगेल आणि मी खोटी पडेन, एवढीच भीती तेव्हा माझ्या मनात होती. लाज वाटते सांगायला, पण भाऊ गेल्याचं दुःख त्यानंतर आलं.

आबा परतले ते थेट गोठ्यात गेले. मी मागोमाग गेले. गव्हाणीला धरून ते उभे होते.

"याकूब म्हनला, रजा रद झालीय, दुसऱ्या मुलकात धाडलाय," ते म्हणाले. "तू म्हनलीस, हात."

मी खाली पडलेला कडबा गोळा करू लागले.

"दोगं बी शिकल्याली. दोगं बी खोटं बोलली." मग ते म्हणाले, "मला आता इचारायचं न्हाई. तिला मोकळी हूं दे."

जन्मभर कुणावर विश्वास न ठेवलेला माणूस त्या दिवशी आमच्या खोटेपणात सामील झाला. पण आम्हा तिघांना एक गोष्ट सुचली नाही. दुसऱ्या दिवशी याकूबची आई वहिनीचं समाधान करायला आली आणि रजा रद्द झाल्याचं सांगून गेली. वहिनीनं दोन्ही ऐकून घेतलं. आबांच्या घरात बारा वर्षं काढलेली बाई ती, न जुळलेल्या दातांचा अर्थ तिलाही कळत होता. फक्त तिनं तो वेगळा लावला.

मुलगी झाली. सव्वा महिना झाल्यावर, मी गणपतीच्या सुट्टीत घरी असताना आबांनी तिला खरं सांगितलं. गल्लीतल्या बायका बांगड्या उतरवायला आल्या. वहिनी मुलीला घेऊन भिंतीशी बसली आणि म्हणाली, "हात लावू नका मला. आदी म्हनलं हाताला लागलंय, मंग म्हनलं रजा रद झाली, आता म्हंता गेला. उंद्या आनखी काय म्हनाल? त्यानं तिकडं दुसरी केली आसंल, आन् तुमी झाकताय."

मी तिच्या पाया पडले. तारेतला शब्दन् शब्द वाचून दाखवला. तिनं शांतपणे विचारलं, "त्या दिशी बी ह्योच कागद वाचला हुतास ना?"

पुढे पलटणीचे आणखी कागद आले. कुणीही वाचले तरी तिनं मानले नाहीत. आबांना तिला बोल लावता येईना, कारण नियम त्यांचाच होता. ती रोज कपाळभर कुंकू लावायची आणि गाव तोंडाला पदर लावून हसायचं. तिच्या हातचं मी त्यानंतरही जेवले, पण कमळे म्हणून तिनं मला पुन्हा हाक मारली नाही. मॅट्रिक झाले आणि दूर जबलपूरची नोकरी धरली, ती यासाठी. लोकांना वाटतं शिकलेली मुलगी मोठ्या शहराच्या ओढीने गेली.

इथे मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. मुली मला बहनजी म्हणतात आणि मी सांगेन ते वहीत उतरवून घेतात. कुत्रं अंथरुणाशी झोपतं म्हटलं तरी एकीचाही हात वर होत नाही. सुरुवातीला मला याची फार भीती वाटायची. वर्गात मी मुद्दाम एखादं चुकीचं सांगून पाहायचे, तर तेही घोकायच्या. जबलपूरची माणसं चांगली आहेत, सकाळी पोहा-जलेबी खायला बोलावतात, घर कहाँ है विचारतात. मी नगर सांगते. पुढे काय सांगायचं ते मला सुचत नसे.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीत गेले तेव्हा वहिनी मुलीच्या पाटीवर, मराठी अक्षरं शिकून झाल्यावर, आता इंग्रजी अक्षरं गिरवत होती. याकूब आता गावातच मास्तर आहे, तो शिकवत होता. त्याने शिकवलेलं ती बाजारच्या दिवशी सुप्याच्या पोस्टमास्तरांकडून तपासून घ्यायची. मी म्हणाले, मी शिकवते. पाटीवरून नजर न काढता ती म्हणाली, "तुज्याकडनं न्हाई." रात्रभर मला झोप आली नाही. पण मनात कुठेतरी बरंही वाटलं, का ते मला सांगता येणार नाही.

गेल्या सोमवारी शाळेत माझ्या नावाचं पाकीट आलं. वरचा पत्ता इंग्रजीत, एकेक अक्षर दाणा टिपावा तसं लिहिलेलं. आत वहीचा कागद होता. त्यावर ती तार जशीच्या तशी उतरवलेली, शिक्क्यातल्या आकड्यांसकट. खाली मराठीत तीन ओळी होत्या:

"कमळे, तार मी सोता वाचली. कुंकू पुसलं. तू घरी ये."

मी स्टाफरूममध्ये बसून खूप रडले. सात वर्षं राहिलेलं रडणं होतं ते, त्या दिवशी चुलीपुढे बसून न रडलेलं. मग तोंड धुतलं आणि छुट्टीची दरख्वास्त इंग्रजीत लिहिली. कारणाच्या जागी लिहिलं, भाऊ वारला. आमच्या मुख्याध्यापिका, बडी बहनजी, यांनी वाचून चष्मा काढला, उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "भैया कब गुज़रे?"

मी म्हणाले, "घर में अभी पता चला है."