गुप्त मताचा ओटीपी

त्या माणसाचा मला अजून राग येतो आणि तो मी जाऊ देणार नाही. कळमेश्वरच्या आमच्या कारखान्यात तो एचआरचा साहेब होता, मी लॅबमध्ये. बायकांना संध्याकाळी नागपूरला सोडणारी बस त्यानंच बंद केली होती. तेव्हापासून पॅकिंगच्या बायका आणि मी अंधारात रस्त्याच्या कडेला उभ्या राहून, ट्रकवाल्यांच्या नजरा झेलत, ऑटोची वाट पाहायचो.

तक्रार घेऊन गेलं की तो म्हणायचा, ऑनलाइन सर्व्हे येतोय, त्यात लिहा, थेट हेड ऑफिस वाचतं, कोणी लिहिलं ते कळतसुद्धा नाही. बस परत मिळवायची तर आम्हाला दुसरं दार नव्हतंच. आम्ही थांबलो.

सर्व्हे आला तो उघडेचना. लिंक चालायची फक्त कारखान्याच्या आतल्या कॉम्प्युटरवर, आणि ओटीपी यायचा ज्याच्या त्याच्या मोबाइलवर. मोबाइल आम्हाला रोज गेटवर जमा करावे लागत. हा नियमही त्याचाच. दोघी-तिघींनी गेटपर्यंत धावून पाहिलं. परत येईतो ओटीपी मेलेला असायचा. गेटवरचा गार्ड हसत होता.

मी साहेबाकडे गेले. म्हटलं, एक दिवस मोबाइल आत येऊ द्या. तर हा दीडशहाणा म्हणाला, नियम म्हणजे नियम, पण मी तोडगा काढतो. दुसऱ्या दिवशी त्यानं सर्व्हेच्या यादीत सगळ्या बायकांच्या नावापुढे स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला. म्हणजे एकेकीनं त्याच्या केबिनमध्ये जायचं, त्याच्या फोनवर आलेला ओटीपी त्यानं वाचून दाखवायचा, आणि तो मागं उभा असताना आम्ही गुप्त मत द्यायचं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

माझ्या आधी पॅकिंगमधल्या एक वहिनी बसल्या. रस्त्यावर साहेबाच्या नावानं सगळ्यात जास्त बोटं मोडणाऱ्या त्याच. पण त्यांचं कंत्राट त्याच्याच सहीनं वाढायचं. मी दारातून पाहत होते. येण्याजाण्याच्या सोयीच्या प्रश्नावर त्यांचा हात थांबला. मागं साहेब खाकरला. वहिनींनी ‘अत्यंत समाधानी’ दाबलं आणि मान खाली घालून उठल्या.

माझं डोकं फिरलं. मी मोकळ्या चौकटीत लिहिलं की बस बंद झाल्यापासून आम्ही अंधारात रस्त्यावर असतो, आणि ज्यानं ती बंद केली तो आत्ता माझ्या मागं उभा राहून हे वाचतो आहे. खाली माझं नाव टाकलं.

“मॅडम, नाव लिहायची गरज नसते,” तो म्हणाला.

“तुम्हाला तर कळलंच आहे,” मी म्हटलं आणि बटण दाबलं.

वहिनी अजून दारातच होत्या. “साहेब, माह्यं पुन्हा उघडून द्या,” त्या म्हणाल्या. त्यानं गोड आवाजात सांगितलं की सर्व्हे एकदाच भरता येतो. लिंक उघडायला ज्याला एका दिवसात अक्कल सुचली, त्याला हे मात्र जमत नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही नेहमीसारख्या रस्त्यावर उभ्या होतो. त्याची कार आमच्यापाशी थांबली, काच खाली आली. नागपुरात सदरपर्यंत सोडतो म्हणाला.

वहिनी पुढं झाल्या. “राहू द्या, साहेब. आम्ही अत्यंत समाधानी आहो. तुमच्यासमोरच तर भरून देल्लं.”

काच वर गेली. ऑटो यायला त्या दिवशीही फार वेळ लागला.