लहान मुलाला औषध पाजतात तसं

मी लिहायला बसलोय याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला. आजवर परीक्षेतल्या उत्तरांपलीकडे काही लिहिलेलं नाही. शिवाय जे सांगणार आहे ते माझ्या सख्ख्या भावाबद्दल आहे, आणि माझी फी त्याच्याच पगारातून जाते. तरी लिहितो.

दादा आधी इथे गुजरातेतच, छाणीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. दोन वर्षांपूर्वी आफ्रिकेत एका परदेशी कंपनीच्या खाणीवर सिक्युरिटीत लागला. दर रविवारी त्याचा व्हॉइस मेसेज येतो. खंडेराव मार्केटात लिंबं-मिरच्या विकून बाबा घरी आले की आम्ही तो स्पीकरवर ऐकतो. बाबा समा भागातल्या आमच्या सोसायटीत शेजाऱ्यांनाही ऐकवायचे.

गेल्या वर्षी कॉलेजात आम्ही एक नाटक बसवलं. एका कंपनीला एका देशातला डोंगर हवा असतो, त्याची गोष्ट. मला कंपनीच्या साहेबाचं काम मिळालं. माझी वाक्यं मीच लिहायची होती. मी धमक्या लिहिल्या आणि ओरडून म्हटल्या. नाटक बसवणारे सर हसले. "बेटा, आवो माणस बूमो ना पाडे. ए तो पहेलां चा पीवडावे." असा माणूस ओरडत नाही, आधी चहा पाजतो.

मऊ बोलणारा साहेब मी कुठे पाहिला होता? घरी येऊन उगाच दादाचे मेसेज ऐकत बसलो, आणि तो तिथे सापडला. "लोक साधे आहेत रे, पण त्यांना कोणीतरी भडकवतं." "आम्ही त्यांना काढत नाही, चांगल्या जागी नेतो." "थोडी सक्ती लागते. लहान मुलाला औषध पाजतात ना, तसं." मी ती वाक्यं गुजरातीत करून सरांना दिली. ते खूश झाले. कुठून आणलीस, विचारलं. मी म्हणालो, सुचली.

सरांची एक पद्धत होती. वाक्य ज्याच्याबद्दल आहे, त्याला समोर उभं करायचं आणि त्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं. गावातल्या बाईचं काम करणारी मुलगी खरोखर पाण्याने भरलेली घागर घेऊन माझ्यासमोर हातभर अंतरावर उभी राहिली. औषधाचं वाक्य माझ्या तोंडून निघेना.

"जल्दी बोल ने साहेब, मारो हाथ तूटी जशे!" ती म्हणाली; घागरीने तिचा हात तुटायला आला होता. सगळे हसले. मीही हसलो, पण वाक्य त्या दिवशी राहूनच गेलं.

तेव्हापासून माझ्या मनात संशय शिरला. दादा असा बोलणारा नव्हता. वर्कशॉपमध्ये त्याच्या प्रत्येक वाक्यात एक शिवी असायची. ही मऊ भाषा त्याला कोणीतरी शिकवली असणार, सर मला शिकवत होते तशी. मी सगळे मेसेज पहिल्यापासून पुन्हा ऐकले. सुरुवातीच्या महिन्यांतल्या मेसेजांत खाणीच्या फाटकापाशी भाजलेली कणसं विकणारी एक म्हातारी सारखी यायची. 'माझी आजी' म्हणायचा तिला. जळकं कणीस कधी द्यायची नाही म्हणे. मऊ वाक्यं सुरू झाली आणि ती म्हातारी मेसेजमधून गायब झाली.

मी त्याला लिहिलं, "दादा, ती कणसंवाली आजी कुठे आहे?" दोन निळ्या खुणा आल्या. पुढच्या रविवारी त्याने हवेबद्दल सांगितलं.

बाबांपाशी हे बोललो तर ते म्हणाले, "कशाला खोदतोस? नोकरी आहे त्याची."

प्रयोगाला बाबा आले, मार्केटातून थेट, दुसऱ्या रांगेत बसले. औषधाचं वाक्य या वेळी मी म्हटलं. बाबा खाली आपल्या चपलांकडे बघत होते. परत येताना स्कूटर मी चालवत होतो. बाबा मागून म्हणाले, "ते वाक्य त्याचंच ना?"

"हो."

"चार लोकांत भावाला उभं केलंस."

समाचं वळण आलं तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "त्या कणसंवालीचं काय झालं, सांगितलं त्याने?"

म्हणजे त्यांनाही ती आठवत होती.

त्यानंतर तीन रविवार मेसेज आला नाही. चौथ्या रविवारी आला. बाबांनी दार लावून घेतलं आणि मग मी तो सुरू केला. दादा म्हणाला, "तिची वस्ती उठवली. ती जागची हलेना. मला सांगितलं, हिला उचल. मी उचललं आणि ट्रकमध्ये ठेवलं. काही वजन नव्हतं रे तिला. नव्या जागी पाणी नव्हतं. ती गेली, मला काल कळलं. आणि ऐक, तिला कोणी भडकवलं नव्हतं."