हाताला घावंल ते

सोनियाचा डावा कान लाटण्यानं फुटला आणि कपाळ इस्त्रीनं. तिचा नवरा जोतीराम कुंडलला राहतो, उसाचा ट्रॅक्टर चालवतो आणि दारू प्यायला की बायकोला मारतो. हे मी आडपडदा न ठेवता लिहिते, कारण लोक याला ‘नवरा-बायकोची कुरबुर’ म्हणतात आणि तो शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं.

सोनियाची आई हरणाबाई कोरेगावात माझ्या शेजारी राहते. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली. नवरा गेल्यावर इथं येऊन शिलाई करू लागली. लेकीचा फुटका कान बघितल्यावर ती तडक कुंडलला गेली आणि भर चौकात जावयाच्या तोंडावर अशी चप्पल हाणली की त्याचा ओठ फाटला. परत आली ती खुशीत. दुसऱ्याच दिवशी फोन आला. चपलेचा वचपा जोतीरामनं इस्त्रीनं काढला होता.

“निघून ये,” मी सोनियाला फोनवर ओरडून सांगितलं. “तक्रार कर.”

“आवं मावशी, सुधारंल त्यो,” ती म्हणाली. वर म्हणते, “मुद्दाम हत्यार घिऊन न्हाई मारत. हाताला घावंल ते उचलतोय.”

मी कपाळावर हात मारला. हरणाबाईनं मात्र नेमकं तेवढंच उचललं. हाताला घावंल ते! मग घावायलाच नको.

तिनं जुनी जाड सतरंजी काढली. तिच्यावर जीनच्या कापडाचे खिसे बसवले, दुहेरी शिलाई मारून. लाटण्याचा खिसा वेगळा, तव्याचा वेगळा, इस्त्री, कात्री, विळा, झारा, सगळ्यांना आपापली जागा. प्रत्येक खिशाला वरून झाकण आणि मोठं बटण. काजं मात्र मुद्दाम तंग ठेवली. मला दोन्ही हात लावून लाटणं काढताना घाम फुटला.

“सतरंजीला खिसे लावून मारकुटा माणूस सुधारतो काय गं?” मी विचारलं.

“सुधारायचाय कुणाला? पिलेल्या बोटांना ह्ये बटण सुटाया वेळ लागंल. तेवढ्यात माजी लेक दाराभाईर जाईल.”

शेवटी तिनं एक चोरखिसा शिवला आणि त्यात बसभाडं घातलं. “सोनियाचं आधार कार्ड बी हितंच ठिवणार,” म्हणाली. सतरंजी खांद्यावर टाकून बघितली. पुढं-मागं खिसे लोंबले.

“आमची आय मेंढरांमागं असंच समदं घर खांद्यावरच्या पडशीत घालून चालायची,” ती म्हणाली.

वरच्या नेफ्यातून लोखंडी पाईप घातला आणि कुंडलच्या स्वयंपाकघरात दोन खिळ्यांवर तिनं स्वतः सतरंजी टांगली. खिशांचा विचार केला बाईनं, पाईपचा नाही केला.

जोतीराम भर दुपारी पिऊन आला. मोबाईल चार्जिंगला का लावला नाही, एवढंच निमित्त. लाटण्याच्या खिशाला झोंबला. बटण सुटेना. शिव्या देत त्यानं असा हिसका मारला की खिळ्यांसकट सतरंजी खाली आली, आणि नेफ्यातून सरकलेला पाईप अलगद त्याच्या हातात.

पहिल्या फटक्यात सोनियाच्या डाव्या हाताचं हाड मोडलं. आवाज तिला स्वतःला ऐकू आला. दुसऱ्या फटक्याला तिनं उजव्या हातानं सतरंजी ओढून अंगापुढं धरली. पाईप खिशातल्या तव्यावर बसला. त्याच्या मनगटाला असा झणका बसला की पाईप सुटला आणि तो मनगट धरून खाली बसला. सोनियानं सतरंजी खांद्यावर टाकली, बाहेरून कडी घातली आणि स्टँडकडं चालू लागली. भांडी वाजत होती. लोक बघत होते. बघू देत.

कोरेगावात उतरल्यावर हाताला प्लास्टर झालं, पोलिसांत तक्रारही झाली. “सुधारंल” हा शब्द तिनं पुन्हा काढला नाही.

काही दिवसांनी जोतीराम दाढी करून, पेढ्यांचा पुडा घेऊन आला. मी तिथंच होते.

“बसा, पावणं,” हरणाबाई मशीनवरून न उठता म्हणाली.

“चुकलं माजं. सोनियाला न्याया आलोय. आन् ती तक्रार मागं घ्या.”

सोनिया आतून आली. सतरंजी आता आईच्या भिंतीवर होती, या वेळी काठीवर. ती सतरंजीपाशी उभी राहिली.

“आईनं हितं काजं सैल केल्यात,” ती म्हणाली. “एका हातानं बी निघतंय बगा.”

तिनं लाटणं काढून दाखवलं आणि त्याच दमात त्याच्या डाव्या कानावर घातलं. पेढे घरभर झाले. तो कान धरून उठला, दारात अडखळला, मोटरसायकल चालू करायलाही त्याला दोनदा लाथ मारावी लागली.

“आये, ह्याला येक पेढा चिकटलाय,” सोनिया म्हणाली. तिनं लाटणं पदराला पुसलं, खिशात घातलं आणि बटण लावलं नाही.